पॅनेलमधला तांब्याचा जोड पुन्हा पुन्हा तापतोय? तपासणी या क्रमाने करा

पुण्याजवळच्या भोसरी, चाकण, तळवडे भागातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांची एलटी (कमी दाबाच्या विजेची) पॅनेलं सांभाळणं हे माझं रोजचं काम. त्यात बसबारची, म्हणजे पॅनेलमध्ये वीज वाहून नेणाऱ्या तांब्याच्या पट्टीची, एक तक्रार सगळ्यात जास्त वेळा येते: "बसबार तापतोय. मागच्या वेळी घट्ट केला होता, परत सुरू झालं." तोवर मालकाच्या मनात बहुधा पक्कं झालेलं असतं की तांबं हलकं लागलंय किंवा पट्टी बारीक पडतेय. मग जाड पट्टीचं कोटेशन मागवलं जातं. तांब्याचा भाव बघता हा खर्च छोट्या कारखान्याला जड जातो, आणि पट्टी बदलूनही जोड तापतच राहिला की माणूस हताश होतो. म्हणून हा क्रम लिहून ठेवतोय. यातल्या पहिल्या तपासण्या फुकट आहेत.

लक्षणं

- पॅनेलचा पत्रा एकाच जागी हाताला चटका देतो, बाकी सगळा कोमट.
- एका फेजची स्लीव्ह (पट्टीवरचं इन्सुलेशनचं आवरण) काळपट पडून आकसलेली किंवा चिरलेली, शेजारच्या दोन ठणठणीत.
- पॅनेलजवळ जळक्या प्लास्टिकचा वास, विशेषतः एप्रिल-मेमध्ये दुपारच्या शिफ्टला. पत्र्याच्या शेडमध्ये हवाच इतकी तापलेली असते की जोडाला थंड व्हायला वाव मिळत नाही.
- एमसीसीबी (पॅनेलमधला मोठा ब्रेकर) लोड मर्यादेत असतानाही ट्रिप होतो, थोडा वेळ थांबलं की परत नीट चालतो.
- बोल्ट आवळल्यावर काही आठवडे बरं वाटतं, मग पुन्हा तेच.

एमसीसीबीच्या ट्रिपिंगमुळे बरेच जण फसतात. ब्रेकर खराब समजून बदलला जातो. तांबं वीज जितकी सहज नेतं तितकीच उष्णताही नेतं. टर्मिनलवरचा जोड तापला की ती उष्णता पट्टीतून थेट ब्रेकरच्या पोटात जाते, आतली थर्मल पट्टी वाकते आणि ब्रेकर आपलं काम चोख करतो. नवा ब्रेकरही तसाच ट्रिप होणार.

आधी थोडा हिशोब

हा हिशोब एकदा समजला की पुढचा क्रम असाच का, ते कळतं. १९१३ साली आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाने तांब्याच्या वाहकतेचं प्रमाण ठरवलं. तेच १०० टक्के आयएसीएस. २० अंश सेल्सिअसला एक मीटर लांब आणि एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेचा रोध ०.०१७२४१ ओहम. पॅनेलमध्ये वापरतात ते ईटीपी, म्हणजे इलेक्ट्रोलिटिक तांबं, हे प्रमाण गाठतं, कधी थोडं ओलांडतंही. कडक ओढलेल्या पट्टीत दोन-तीन टक्के कमी भरतं, इतकंच.

आता ५० बाय ६ मिमीची पट्टी घ्या. छेद ३०० चौरस मिमी, म्हणजे मीटरभर लांबीचा रोध ५७ मायक्रोओहमच्या आसपास. त्यातून ४०० अँपियर गेले तर संपूर्ण मीटरभर पट्टीत मिळून साधारण ९ वॅट उष्णता तयार होते आणि ती सगळ्या लांबीवर पसरून हवेत जाते. आता त्याच पट्टीवरचा जोड बघा. चांगला जोड १० मायक्रोओहमचा धरला तर १.६ वॅट. बिघडलेला जोड १०० मायक्रोओहमचा धरला तर १६ वॅट, आणि तेही दोन इंचांच्या जागेत. पट्टी ५० बाय १० केली तर मीटरमागचे ९ वॅट साडेपाचवर येतील, जोडातले १६ तिथेच राहतील.

शिवाय उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. लोड दुप्पट, तर उष्णता चौपट. तापलेल्या तांब्याचा रोधही दर अंशाला साधारण ०.४ टक्क्याने वाढतो. त्यामुळे बिघडायला लागलेला जोड आपल्याच उष्णतेने आणखी बिघडत जातो.

पहिली तपासणी: दार न उघडता

पॅनेल मीटरवर तिन्ही फेजचा प्रवाह लिहून घ्या, आणि तोही पूर्ण लोड असताना. सकाळी नऊला घेतलेलं रीडिंग इथे कामाचं नाही. एका फेजवर बाकीच्यांपेक्षा बराच जास्त प्रवाह असेल तर त्या फेजचा जोड जास्त तापणारच. अशा वेळी सिंगल फेजचे लोड (एसी, लाइटिंग, ऑफिस) दुसऱ्या फेजवर वाटून द्या. खर्च शून्य.

न्यूट्रलचा जोड तापत असेल तर एलईडी दिवे आणि संगणक यांसारखे सिंगल फेज इलेक्ट्रॉनिक लोड किती आहेत ते मोजा. त्यांचे तिसऱ्या क्रमाचे हार्मोनिक्स (मूळ वारंवारतेच्या तिप्पट वारंवारतेचे प्रवाह) न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते. तिन्ही फेज समतोल दिसत असूनही न्यूट्रल भरलेला असतो.

प्रवाह सारखाच आहे आणि तरी एकच फेज तापतोय, असं दिसलं तर जोडावर संशय घ्या आणि पुढे चला.

दुसरी: तापमान, पण फसवं नको

हातातल्या इन्फ्रारेड गनने चकचकीत तांबं मोजू नका. चमकदार धातू स्वतःची उष्णता किरणांच्या रूपात फार कमी बाहेर टाकतो, त्यामुळे गन खऱ्यापेक्षा खूपच कमी आकडा दाखवते. स्लीव्हवर किंवा मॅट काळ्या रंगाच्या ठिपक्यावर मोजलं तरच आकड्याला अर्थ.

चालू पॅनेलचं दार उघडून माप घेणं हे आर्क फ्लॅशचं (विजेच्या ठिणगीने होणाऱ्या स्फोटाचं) प्रशिक्षण आणि साधनं असलेल्या माणसाचंच काम. तुमच्याकडे तसा माणूस नसेल तर स्वस्तातला मार्ग म्हणजे तापमान दाखवणारे स्टिकर. ठरावीक तापमान ओलांडलं की त्यांचा रंग कायमचा बदलतो. शटडाऊनमध्ये तिन्ही फेजच्या एकाच जागेच्या जोडाजवळ लावा, पुढच्या शटडाऊनला बघा. मला स्वतःला एकट्या आकड्यापेक्षा तिन्ही फेजची तुलना जास्त उपयोगी वाटते. लोड सारखा असताना एक जोड बाकीच्यांपेक्षा दहा-पंधरा अंशांनी वर असेल तर तो उघडायचाच. केबलचंही लक्षात ठेवा: पीव्हीसी केबलच्या वाहकाला ७० अंश आणि एक्सएलपीईला ९० अंश ही सततची मर्यादा आहे. जोड तांब्याला झेपेल इतका तापला तरी केबलला झेपेलच असं नाही.

इथून पुढे पॅनेल बंद

आपल्याकडे औद्योगिक भागात गुरुवारची सुट्टी असते, तो दिवस या कामाला बरा. पण "मेन पाडला" म्हणजे पॅनेल मेलं असं समजू नका. इनकमरच्या (बाहेरून येणाऱ्या पुरवठ्याच्या मुख्य स्विचच्या) वरची टर्मिनलं महावितरणच्या बाजूने जिवंतच असतात. जनरेटर आणि छतावरचं सोलर वेगळं आयसोलेट करा. एपीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं) पॅनेल असेल तर कपॅसिटर डिस्चार्ज व्हायला निदान पाच मिनिटं द्या. स्विचला कुलूप लावा, किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. मग तिन्ही फेज एकमेकांत, न्यूट्रलशी आणि अर्थशी मोजा. मोजण्याआधी आणि मोजल्यानंतर तोच टेस्टर एका जिवंत पॉइंटवर लावून तो चालतोय ना, याची खात्री करा. यातली एकही गोष्ट तुमच्या वायरमनला नवी वाटत असेल तर इथेच थांबा.

तिसरी: रंग वाचा

तांब्याच्या रंगावरून खूप काही कळतं. सगळ्या पट्टीवर सारखी तपकिरी झाक असेल तर ती नेहमीची आहे, तिला हात लावू नका. जोडाभोवती जांभळट-निळसर वर्तुळ असेल तर तो भाग चांगलाच तापून गेलाय. काळे पापुद्रे सुटत असतील तर बरेच दिवस तापतोय. हिरवट डाग म्हणजे ओलावा आणि आम्लाची वाफ. शेजारी प्लेटिंग किंवा पिकलिंगचं (आम्लाने धातू साफ करण्याचं) काम असेल तर पावसाळ्यानंतर हे हमखास दिसतं. आणि जोड असो वा नसो, अख्खी पट्टी एकसारखी काळी पडली असेल तर तो उष्णतेचा दोष नसून गंधकयुक्त वायूचा परिणाम आहे. जवळ नाला किंवा सांडपाण्याची टाकी आहे का बघा. तिथे बोल्ट आवळून काही होणार नाही, पॅनेलचं सीलिंग सुधारावं लागेल.

चौथी: बोल्ट आणि वॉशर

इथे जरा जास्त वेळ द्या, कारण निम्म्याहून जास्त वेळा दोष इथेच सापडतो.

एका कारखान्यात पिवळ्या फेजचा जोड दर महिन्याला तापायचा. पट्टी जाड करून झाली होती, ब्रेकर बदलून झाला होता. जोड खोलला तर थिंबल (केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं, बोल्टचं भोक असलेलं धातूचं टोक) आणि पट्टी यांच्या मधोमध लोखंडी वॉशर. थिंबल शेजारच्या सपोर्टला टेकत होतं म्हणून कुणीतरी ते उचलून घ्यायला वॉशर सरकवला होता. झिंक केलेला, चकचकीत, आणि दोन्ही बाजूंनी काळं वर्तुळ उमटलेला. साध्या पोलादाची वाहकता तांब्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याच्या आसपास, आणि स्टेनलेसची तर तांब्याच्या दोन-तीन टक्केच. संपूर्ण फेजचा प्रवाह त्या चकतीतून जात होता. सपोर्ट थोडा खाली घेतला, वॉशर काढला, पृष्ठभाग साफ करून बांधला. पट्टीला काहीही करावं लागलं नाही.

तेव्हा नियम पक्का: प्रवाहाच्या वाटेत तांब्याला तांबंच भिडलं पाहिजे. वॉशर फक्त बोल्टच्या डोक्याखाली आणि नटाखाली.

दुसरी गोष्ट आवळण्याची. "अजून एक आटा मार" हा इलाज नव्हे. तांबं तापल्यावर पोलादाच्या बोल्टपेक्षा जास्त प्रसरण पावतं. त्यामुळे गरम जोडात दाब वाढतो आणि तांबं वॉशरखाली थोडं थोडं दबत जातं. थंड झाल्यावर तेवढी ढिलाई शिल्लक राहते. तुम्ही परत आवळता, ते परत दबतं. घट्ट केल्यावर काही आठवड्यांनी परत तापण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. उपाय म्हणजे रुंद सपाट वॉशर, त्यावर बशीसारखा खोलगट डिस्क स्प्रिंग वॉशर, ८.८ ग्रेडचा बोल्ट आणि टॉर्क रेंच. बसबारच्या एम-१० बोल्टला सहसा ४० ते ५० न्यूटन-मीटर लागतात, पण पॅनेल बनवणाऱ्याच्या पत्रकात जो आकडा असेल तोच पाळा. ब्रेकरच्या टर्मिनलचा आकडा वेगळा असतो आणि बऱ्याचदा कमी असतो. तिथे जोर लावला तर ब्रेकरचा साचाच फुटतो. आवळून झाल्यावर नट आणि पट्टीवर मिळून रंगाची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ सरकलेली दिसली की बोल्ट फिरलाय हे न हात लावता कळतं.

पाचवी: जोड उघडून पृष्ठभाग

दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवल्या तरी सगळं क्षेत्रफळ भिडत नाही. वीज जाते ती मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांमधून. म्हणून पॉलिश करून आरसा बनवण्यात अर्थ नाही, दाब आणि स्वच्छता महत्त्वाची. बिनकल्हईच्या तांब्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवा, स्वच्छ कापडाने पुसा, कॉन्टॅक्ट ग्रीसचा अगदी पातळ थर लावा आणि लगेच बांधा. पेपरचा भुसा पॅनेलमध्ये पडू देऊ नका.

टिन प्लेटिंग केलेल्या पट्टीवर मात्र पॉलिश पेपर बिलकुल नको. हेल्पर चकाचक करायच्या नादात कल्हई खरवडून काढतो, आणि जे संरक्षण पैसे देऊन घेतलं होतं ते भुश्यात जातं. तिथे कापड आणि सॉल्व्हंट पुरे.

पट्टीवर पट्टी किती चढली आहे तेही बघा. जाडीच्या पाचपट तरी हवी: ६ मिमी पट्टीला किमान ३० मिमी. भोकाच्या कडेला बर (भोक पाडताना उठलेली धातूची धारदार कड) उभी असेल तर दोन पट्ट्या बरवरच टेकतात, सपाट बसतच नाहीत. ती कानसेने काढा.

सहावी: थिंबल

केबल हाताने ओढून, पिळून बघा. थिंबलमध्ये जरा जरी हलली तर क्रिम्पिंग, म्हणजे थिंबलची दाबणी, गेलं. दुसरं म्हणजे केबलच्या मापापेक्षा मोठं थिंबल घेऊन तारा दुमडून भरलेल्या असतात. असं थिंबल कापून नवं घाला, वरून परत दाबत बसू नका.

ॲल्युमिनियमची आर्मर्ड केबल तांब्याच्या पट्टीवर साध्या ॲल्युमिनियम थिंबलने बांधलेली असेल तर तिथे तीन त्रास एकत्र येतात. ॲल्युमिनियमवरचा ऑक्साइड वीज जवळजवळ नेतच नाही, ॲल्युमिनियम तांब्याहून जास्त प्रसरण पावतं, आणि ओलावा मिळाला की दोन धातूंमध्ये गंज धरतो. बायमेटॅलिक (तांबं आणि ॲल्युमिनियम जोडून बनवलेलं) थिंबल वापरा.

सातवी: मिलिव्होल्ट किंवा मायक्रोओहम

इथून पुढे साधन आणि सवय दोन्ही लागतात. साधा मल्टीमीटर ओहमवर लावून जोड मोजता येत नाही. मीटरच्या पिनांचाच रोध जोडापेक्षा हजारो पटींनी जास्त असतो. पॅनेल बंद असताना चार टोकांचा मायक्रोओहम मीटर लावायचा: जोडाच्या आरपार एक माप, तेवढ्याच लांबीच्या सलग पट्टीचं दुसरं माप. जोडाचं माप सलग पट्टीच्या जवळपास असेल तर जोड उत्तम. दुप्पट-तिप्पट असेल तर परत उघडा. तिन्ही फेजची मापं तारखेसह पॅनेलच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. पुढच्या वर्षी नेमकी हीच मापं कामी येतात.

आठवी: आता तांब्यावर संशय घ्या

इतकं सगळं नीट असूनही जोडासकट सगळी पट्टीच तापत असेल, तर आणि तरच धातू तपासायचा. भंगारातून ओतलेल्या पट्ट्या बाजारात मिळतात. त्यात लोखंड किंवा फॉस्फरसचा अंश राहिलेला असला तर वाहकता झपाट्याने घसरते. फॉस्फरस ०.०४ टक्क्याच्या आसपास असला तरी वाहकता ७५ ते ८५ टक्क्यांवर येते. एसीच्या पाइपचं तांबं असंच फॉस्फरसवालं असतं. पाइपला ते उत्तमच, बसबारला नाही. वजनावरून हे पकडता येत नाही. ५० बाय ६ ची मीटरभर पट्टी २.६७ किलोच्या आसपास भरते, पण फॉस्फरसवालीही तेवढीच भरते. रंगही तोच. खरं-खोटं फक्त वाहकता मोजून कळतं. मीटरभर तुकड्याचा मायक्रोओहम घ्या किंवा एडी करंट मीटरने थेट टक्के वाचा. नवी पट्टी घेताना टेस्ट सर्टिफिकेट मागणं हे सगळ्यात सोपं.

जळालेल्या जागेचं तांबं दुसऱ्या कारणानेही निकामी होतं. पुण्यात कसब्यातल्या तांबट आळीत मठारकाम (तांब्याची भांडी ठोकून घडवण्याचं काम) बघितलं असेल तर हे लगेच पटेल: ठोकून ठोकून तांबं कडक होतं, आणि भट्टीत तापवलं की पुन्हा मऊ. बसबारची पट्टी कडक ओढलेली असते. २०० अंशांच्या आसपास तासभर राहिली की तिचा कडकपणा बराच जातो, आणि कमी तापमानाला महिनोन्महिने राहिली तरी हळूहळू तोच परिणाम होतो. वाहकता बिघडत नाही, पण मऊ तांबं बोल्टचा दाब धरून ठेवत नाही. म्हणून जांभळी-काळी झालेली टोकं साफ करून परत वापरू नका. तेवढा तुकडा कापून नवा घाला.

आणि गॅसच्या ज्योतीने ईटीपी पट्टीला ब्रेझिंग करू नका. या तांब्यात साधारण ०.०२ ते ०.०४ टक्के ऑक्सिजन ऑक्साइडच्या रूपात असतो. ज्योतीतला हायड्रोजन आत शिरून त्याची वाफ करतो, आणि ती वाफ धातूला आतून तडे पाडते. बाहेरून जोड सुरेख दिसतो, वाकवला की कडकन मोडतो.

कुठे थांबायचं

पुढच्यापैकी काहीही असेल तर परवानाधारक विद्युत ठेकेदाराला बोलवा: दोष इनकमरच्या वरच्या टर्मिनलवर किंवा मीटरच्या बाजूला आहे (तिथे महावितरणकडून पुरवठा बंद करून घेतल्याशिवाय कुणीच हात लावायचा नाही), सपोर्ट इन्सुलेटरवर काळी रेघ किंवा तडा दिसतोय, ब्रेकरच्या टर्मिनलचं प्लास्टिक वितळलंय, चालू पॅनेलमधून चरचर आवाज येतोय, किंवा एकदा नीट उघडून, साफ करून, टॉर्कने बांधलेला जोड परत तापलाय. शेवटच्या बाबतीत तिसऱ्यांदा स्वतः आवळायला जाऊ नका. दोष रचनेत असू शकतो: पट्टीचं माप, पॅनेलचं वायुवीजन, हार्मोनिक्स. त्याला हिशोब आणि साधनं लागतात.

बोलावताना तीन फेजचे प्रवाह, स्टिकरची तापमानं आणि पॅनेलचा सिंगल लाइन डायग्राम (जोडणीचा सोपा आराखडा) तयार ठेवा. त्याचा अर्धा दिवस वाचतो आणि तुमचं बिलही कमी होतं.

काम तुम्ही केलेलं असो वा त्याने, पुरवठा देण्याआधी हत्यारं मोजून घ्या, मीटर आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणं सोडवून मेगर (इन्सुलेशनची चाचणी) घ्या, स्लीव्ह आणि ॲक्रिलिकचे पडदे परत बसवा. पूर्ण लोडवर आठवडाभर चालल्यावर एकदा स्टिकर बघा, आणि पहिल्या शटडाऊनला रंगाच्या रेघा.